समुद्री आयसोपॉड : नवलाच्या बातमीपलीकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खोल समुद्रातून वर आलेला फूटभर लांबीचा, चौदा पायांचा आयसोपॉड, किंवा माशाच्या तोंडात जिभेच्या जागी ठाण मांडून बसलेला त्याचा परजीवी भाऊबंद, यांची छायाचित्रे अधूनमधून वृत्तपत्रांत झळकतात. वाचक ती पाहतात, थोडे शहारतात आणि पान उलटतात. अशा मजकुरातली माहिती बहुधा बरोबर असते आणि तिच्या खरेखोटेपणाविषयी माझी तक्रार नाही. हे प्राणी ज्या गणातले आहेत, त्या गणाबद्दल मात्र त्यात अवाक्षर नसते. त्यामुळे आगापिछा नसलेले एक सुटे नवल तेवढे वाचकांच्या हाती पडते. तो आगापिछा सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, कारण माझ्या मते खरे आश्चर्य त्या एका छायाचित्रात नसून त्यामागच्या वंशवृक्षात आहे.

आयसोपॉड हा कवचधारी प्राण्यांचा एक गण आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८१७ मध्ये त्याला हे नाव दिले. आज या गणात दहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले असून त्यांतील सहा हजारांच्या वर जाती समुद्रात किंवा खाड्यांत राहतात. ओल्या दगडाखाली सापडणारा आणि हात लावताच अंग गोळा करून बसणारा राखाडी किडा याच गणातला, म्हणजे हा किडा कीटक नसून खेकड्या-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. या सर्वांचे शरीर एकाच आराखड्यावर बेतलेले असते. खेकड्याच्या पाठीवर असते तशी एकसंध ढाल त्यांना नसते. पाठीचे खंड एकामागोमाग एक उघडे दिसतात. डोळे देठावर नसून डोक्यातच बसवलेले असतात. वक्षाच्या सात मोकळ्या खंडांना पायांच्या सात जोड्या असतात. उदराखाली पानांसारख्या चपट्या उपांगांच्या पाच जोड्या असतात. पोहणे आणि श्वसन ही दोन्ही कामे सामान्यतः त्यांच्याकडे असतात. श्वसन शरीराच्या मागच्या टोकाला गेल्यामुळे हृदयही मागे सरकलेले आहे. हे प्राणी कातही दोन टप्प्यांत टाकतात. आधी शरीराचा मागचा अर्धा भाग जुने कवच सोडतो आणि काही काळाने पुढचा, त्यामुळे संपूर्ण अंग एकाच वेळी मऊ आणि निराधार होण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही.

या आराखड्यातील एक गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते. आयसोपॉडाची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. तिच्या पायांच्या बुंध्यांशी पातळ पापुद्रे वाढतात, ते एकमेकांवर चढून पोटाखाली एक पिशवी तयार होते आणि अंडी त्या पिशवीतच वाढतात. जातीनुसार त्यांची संख्या दहापासून सोळाशेपर्यंत असू शकते. पिशवीतून बाहेर पडणारे पिल्लू आईवडिलांची छोटी प्रतिकृतीच असते. फक्त पायांची सातवी जोडी त्याला अजून फुटलेली नसते. खेकडे, कोळंबी, शिंपले यांच्या सूक्ष्म अळ्या आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. बहुतेक आयसोपॉडांच्या जीवनात हा प्रवासच नाही. जिथे जन्म झाला, त्याच्या आसपासच पिल्लू वाढते आणि तिथेच प्रजोत्पादन करते. परिणामी एका खडकाळ किनाऱ्यावरची वस्ती पुढच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या वस्तीपासून तुटते आणि पुरेसा काळ गेला की दोहोंच्या दोन जाती होतात. गॅरी पूर आणि निएल ब्रूस यांनी २०१२ मध्ये समुद्री आयसोपॉडांच्या मोठ्या भागाचा जागतिक आढावा घेतला. थोडे संशयास्पद अपवाद सोडले तर प्रत्येक जातीचा प्रदेश आणि खोलीचा पट्टा मर्यादित असतो, असे त्यांनी नोंदवले. या गणातील विविधतेची किल्ली मला त्या पोटाखालच्या पिशवीत दिसते.

एका आराखड्यातून किती प्रकारची आयुष्ये निघाली, ते पाहण्यासाठी पॅरासर्सिस स्कल्प्टा ही जाती जवळून पाहावी. कॅलिफोर्नियाच्या आखातात ती स्पंजांच्या पोकळ्यांमध्ये राहते. तिच्यात नर तीन प्रकारचे असतात. पहिला आकाराने मोठा असून त्याच्या शेपटाकडची उपांगे लांब आणि काटेरी असतात. तो पोकळीच्या तोंडाशी बसून आतल्या माद्यांची राखण करतो आणि दुसऱ्या मोठ्या नराशी झुंजतो. दुसरा नर दिसण्या-वागण्यात हुबेहूब मादीसारखा असतो, म्हणून राखणदार त्याला बिनदिक्कत आत येऊ देतो. तिसरा इतका चिमुकला असतो की तो राखणदाराच्या पायांमधून निसटून आत शिरतो. कोणता नर कोणत्या प्रकारचा होणार, हे मुख्यतः एका जनुकस्थानावरून ठरते. स्टीफन शुस्टर आणि मायकेल वेड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की दीर्घ काळाची सरासरी काढली तर तिन्ही प्रकारांना प्रजोत्पादनात सारखेच यश मिळते. तिन्ही रीती शेजारी शेजारी का टिकून राहिल्या, याचे उत्तर त्या सरासरीत आहे. नैसर्गिक निवड एकच उत्तम रूप घडवते, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा अभ्यास अवश्य पाहावा.

समुद्रात पडलेले लाकूड पोखरणारा लिम्नोरिया हा काही मिलिमीटर लांबीचा आयसोपॉड बंदरांच्या लाकडी खांबांचा जुना शत्रू आहे. लाकूड पचवणारे प्राणी सहसा आतड्यातील सूक्ष्मजीवांवर अवलंबून असतात. लिम्नोरियाच्या आतड्यात मात्र असे सूक्ष्मजीव वस्तीला नसतात. सेल्युलोज तोडणारी विकरे तो स्वतःच्याच जनुकांवरून बनवतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. वाळूच्या किनाऱ्यावरील युरिडीस पुल्क्रा भरतीबरोबर वाळूतून बाहेर येऊन पोहते आणि ओहोटीला पुन्हा वाळूत शिरते. तिच्या शरीरात सुमारे १२.४ तासांचे भरती-ओहोटीचे घड्याळ असते आणि ते दिवस-रात्रीच्या घड्याळापासून वेगळे चालते, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. आयडोटिया बाल्थिका या जातीची कथा त्याहून अनपेक्षित आहे. लाल शैवलांच्या नर पेशींना पोहण्यासाठी शेपूट नसते, म्हणून त्या मादी शैवलापर्यंत केवळ प्रवाहाच्या भरवशावर पोहोचतात, असे मानले जात असे. ग्रॅसिलेरिया शैवलावर वावरणाऱ्या आयडोटियाच्या अंगाला या पेशी चिकटतात आणि त्यामुळे फलनाचे प्रमाण वाढते, असे २०२२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. फुलांचे परागीभवन मुळात समुद्रातच सुरू झाले, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई मात्र करू नये. लाल शैवले आयसोपॉडांपेक्षा कितीतरी प्राचीन आहेत आणि आयडोटिया येण्यापूर्वीही त्यांचे फलन होतच होते.

आता त्या जिभेच्या परजीवीविषयी. सायमोथोआ एक्झिग्वा ही जाती माशाच्या कल्ल्यांतून तोंडात शिरते, मादी जिभेच्या बुंध्याला घट्ट धरून रक्त शोषते, जीभ झडत जाते आणि उरलेल्या खुंटावर ती स्वतः बसते. ब्रुस्का आणि गिलिगन यांनी १९८३ मध्ये हे सविस्तर मांडले. सायमोथोइड या तिच्या कुलातील प्रत्येक प्राणी आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. अँथुरिड या दुसऱ्या गटातील काही जातींत याच्या नेमके उलट, म्हणजे मादीचा नर होतो. सायमोथोआचे नातलग पाहिले तर तिच्या विचित्रपणाला संदर्भ मिळतो. सिरोलॅनिड कुलातील आयसोपॉड मेलेले मासे कुरतडतात किंवा लहान प्राण्यांची शिकार करतात. एजिड कुलातील आयसोपॉड माशाला चिकटून रक्त पितात आणि पोट भरले की सुटून जातात. सायमोथोइड एकदा चिकटले की सहसा जन्मभर सोडत नाहीत. बोपायरिड आणि त्यांचे आप्त तर माशांना सोडून कोळंबी, खेकडे अशा आपल्याच कवचधारी नातलगांवर जगतात. त्यांची लहान अळी आधी कोपेपॉड या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यावर काही काळ काढते आणि मग अंतिम आश्रयदाता शोधते. बोपायरिड मादी कोळंबीच्या कल्ल्यांच्या कप्प्यात वाढते, त्यामुळे कोळंबीचा एक गाल सुजल्यासारखा दिसतो. मादीच्या अंगावर तिचा चिमुकला नर बसलेला असतो. अशाच सुजेच्या खुणा ज्युरासिक काळातील कवचधाऱ्यांच्या जीवाश्मांवरही आहेत. या प्राण्यांना एका ओळीत उभे करून मुर्दाडखाऊपासून पूर्ण परजीवीपर्यंतची शिडी रचण्याचा मोह होतो. पण आजचा सिरोलॅनिड हा आजच्या सायमोथोइडचा पूर्वज नव्हे. दोघेही तितकाच काळ उत्क्रांत होत आले आहेत. परजीवी जीवनाकडे जाणारी वाट नेमकी किती वेळा चोखाळली गेली, हे शिडीवरून कळत नाही. त्यासाठी वंशवृक्षच पाहावा लागतो. नॅथिड कुलाने तर आणखी वेगळी रीत काढली आहे. त्यांची पिल्ले माशांचे रक्त पितात, प्रौढ काहीच खात नाहीत आणि चालण्याच्या पायांच्या पाचच जोड्या त्यांना असतात. प्रवाळांतील सफाई मासा दिवसाला सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो आणि त्यांतले बहुतेक नॅथिडांची पिल्ले असतात, असे अलेक्झांड्रा ग्रटर यांनी १९९६ मध्ये मोजून दाखवले. प्रवाळांतील माशांचे आरोग्य किती लहान जिवांशी जोडलेले आहे, ते यावरून कळावे.

वर्गीकरणाचा इतिहास बातम्यांत कधीच येत नाही, पण माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. नॉर्वेचे सार्स यांनी १८८२ मध्ये फ्लॅबेलिफेरा हा उपगण केला. शेपटीकडील उपांगे पंख्यासारखी पसरलेली असणे, हे त्याचे लक्षण होते. शंभराहून अधिक वर्षे हा उपगण पाठ्यपुस्तकांत सुखेनैव नांदला. रिचर्ड ब्रुस्का आणि जॉर्ज विल्सन यांनी १९९१ मध्ये शरीररचनेच्या लक्षणांचे पद्धतशीर विश्लेषण केले, तेव्हा हा उपगण एका पूर्वजाची संपूर्ण संतती नाही असे आढळले. पंख्यासारखी शेपटी हे त्या गटाच्या नात्याचे खात्रीचे लक्षण नव्हतेच. २००३ मध्ये अँजेलिका ब्रांड्ट आणि गॅरी पूर यांनी फ्लॅबेलिफेरा मोडीत काढून लिम्नोरिडिया, स्फेरोमॅटिडिया, सायमोथोइडा असे उपगण मांडले आणि परजीवी बोपायरिडांना सायमोथोइडा उपगणाच्या आत जागा दिली. आयडोटिया ज्यात मोडतो त्या व्हाल्व्हिफेरा उपगणाची ओळख मात्र आजही भक्कम आहे. त्यांची शेवटची उपांगे पोटाखाली दाराच्या दोन फळ्यांसारखी मिटतात आणि नाजूक कल्ले झाकून घेतात.

डीएनए हाती आल्यावर सारे प्रश्न सुटतील, अशी अपेक्षा होती. ती अर्धीच पुरी झाली. आयसोपॉडांच्या पूर्वजात मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) डीएनएमधील प्रतिकृती सुरू होण्याची जागा उलटली आणि त्यामुळे दोन धाग्यांवरील ग्वानीन व सायटोसीन या डीएनएच्या घटकांचा तोल पालटला. काही शाखांमध्ये तो पुन्हा एकदा उलटला. ज्या शाखांचा तोल सारखा, त्या नात्याने दूर असल्या तरी मायटोकॉन्ड्रियाच्या वंशवृक्षात एकमेकींजवळ ओढल्या जातात. त्यामुळे या एकाच पुराव्यावर विसंबून काढलेला वंशवृक्ष दिशाभूल करू शकतो, हे अभ्यासकांनीच परखडपणे दाखवून दिले आहे. दुसरा धक्का जमिनीवरच्या आयसोपॉडांनी दिला. ते सर्व एकदाच समुद्रातून जमिनीवर आले, असे दीर्घकाळ मानले जात होते. किनाऱ्यावरील खडकांवर धावणारा लिजिया हा त्या वाटचालीतला जिवंत मधला टप्पा समजला जाई. केंद्रकातील जनुकांच्या २०१९ मधील अभ्यासात लिजिया इतर जमिनीवरील आयसोपॉडांपेक्षा समुद्री शाखांच्या जवळचा निघाला. हा निष्कर्ष टिकला, तर आयसोपॉडांनी जमीन एकाहून अधिक वेळा गाठली असे म्हणावे लागेल. मला तो पटण्याजोगा वाटतो, मात्र जनुकांचे आणखी मोठे संच तपासले जाईपर्यंत पाठ्यपुस्तके बदलू नयेत.

या गणाचे वय सांगणारा सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे हेस्लरेला शेरमानी. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेल्या या जीवाश्माचे वर्णन फ्रेडरिक श्रॅम यांनी १९७० मध्ये केले. तो फ्रियाटोइसिड उपगणातला असून समुद्रकाठच्या पाण्यात राहत होता. आज या उपगणाचे वारसदार समुद्रात उरलेले नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या एकेकाळच्या गोंडवन भूखंडाच्या तुकड्यांवर, गोड्या पाण्यात ते तग धरून आहेत. भारतातील निकोल्सिया काशिएन्स ही जाती बनारसच्या विहिरींतून मिळाली आणि १९५० मध्ये चोप्रा व तिवारी यांनी तिचे वर्णन केले. ज्या समुद्रातून या शाखेचे पूर्वज आले तो समुद्र नाहीसा झाला, भूखंड फुटून दूर गेले, आणि तरीही विहिरीच्या अंधारातला हा प्राणी आपल्या अंगावर ती ओळख बाळगून आहे.

खोल समुद्राचा विचार केल्याशिवाय विविधतेची कल्पनाच येणार नाही. तिथे असेलोटा उपगणाचे राज्य आहे. हे आयसोपॉड बहुधा काही मिलिमीटरचे, बहुतेक आंधळे असतात आणि सुमारे दहा हजार मीटर खोलीपर्यंत गाळात राहतात. म्युनॉप्सिड कुलात मागचे पाय वल्ह्यांसारखे रुंद झाले आहेत. गाळात राहणाऱ्या पूर्वजांचे वंशज पुन्हा पोहू लागले. खोल समुद्रातील असेलोटांची उत्क्रांती मुख्यतः तिथेच झाली, असे हेस्लर आणि थिस्टल यांनी १९७५ मध्ये मांडले. पुढे जनुकीय अभ्यासांनी, उथळ पाण्यातील शाखा एकाहून अधिक वेळा खाली उतरल्या असाव्यात, अशी जोड त्याला दिली. दक्षिण महासागरातील खोल समुद्राच्या जैवविविधतेचा शोध घेणाऱ्या अँडीप मोहिमांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ७४८ ते ६,३४८ मीटर खोलीवरून आलेल्या नमुन्यांत आयसोपॉडांच्या ६७४ जाती निघाल्या आणि त्यांतील ५८५ विज्ञानाला नव्या होत्या. ज्ञात जातींनाही आपण पुरते ओळखतो, असे नाही. अंटार्क्टिक बेटांवर गेलेले अमेरिकी निसर्गाभ्यासक जेम्स आइट्स यांनी १८३३ मध्ये ट्रायलोबाइट या नष्ट झालेल्या प्राचीन समुद्री प्राण्यासारख्या दिसणाऱ्या एका आयसोपॉडाचे आणि १८५२ मध्ये ग्लिप्टोनोटस अंटार्क्टिकस या भल्या थोरल्या जातीचे वर्णन केले. आज त्यातील पहिली जाती सेराटोसेरोलिस ट्रायलोबिटॉइडिस या नावाने ओळखली जाते. दीड शतकानंतर क्रिस्टोफ हेल्ड आणि सहकाऱ्यांनी जनुके तपासली, तेव्हा या दोन्ही नावांखाली एकापेक्षा जास्त जाती दडलेल्या आढळल्या.

आता हेच काम तातडीचे का आहे, ते सांगतो. प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात निकेल, कोबाल्ट, मँगनीज असलेल्या धातूंच्या गाठी समुद्रतळावर विखुरल्या आहेत आणि तिथे खाणकामाची तयारी चालू आहे. अशी एक गाठ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते. या पट्ट्यातील प्राण्यांच्या २०२३ मधील गणनेत ५,५७८ जातींची नोंद निघाली आणि त्यांतील ८८ ते ९२ टक्के जातींना नावच नव्हते. जिचे पिल्लू आईच्या पिशवीतून उतरून तिथल्याच गाळात राहते, अशी जाती खरवडलेल्या तळावर दुरून येऊन पुन्हा वसेल ही आशा फार कमी आहे. नाव आणि वर्णन नसलेल्या जातीचा नाश कुठल्याही अहवालात मांडता येत नाही. तरीही जातींचे वर्णन करणे हे जुनाट, दुय्यम काम समजले जाते आणि त्या कामात आयुष्य घालवणारे मोजकेच लोक उरले आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

२०२५ च्या आरंभी व्हिएतनामजवळच्या समुद्रातून बॅथिनोमस व्हेडरी या महाकाय जातीचे वर्णन झाले. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणासारखे दिसणारे तिचे डोके तेवढे बातम्यांत गाजले. तिथे खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या महाकाय आयसोपॉडांत एकाहून अधिक जाती असल्याचे याच अभ्यासातून पुढे आले, म्हणजे कोणती जाती किती पकडली जाते याचा हिशेब वर्गीकरणाशिवाय होऊ शकत नाही, ही महत्त्वाची गोष्ट मात्र मागे पडली. याच वंशातील पहिली जाती बॅथिनोमस जायगँटियस १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील एका नमुन्यावरून वर्णिली गेली आणि आज या वंशात सुमारे वीस जाती आहेत, एवढी एक ओळ जरी सोबत आली असती, तरी वाचकाला त्या डोक्यापलीकडचे काही मिळाले असते.

म्हणून विनंती अशी, की यापुढे समुद्रातील नव्या जातीची बातमी देताना तिचे पूर्ण शास्त्रीय नाव देवनागरीत, तिचा गण व कुल, ती सापडली ते ठिकाण व खोली आणि ज्या नमुन्यावरून तिचे वर्णन झाले तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे, एवढा तपशील द्यावा. शोधनिबंधाच्या पहिल्या एक-दोन पानांत तो बहुधा असतोच. आपल्या विज्ञानविषयक पानावर वर्गीकरणाच्या कामाविषयी एखादा सविस्तर लेख अभ्यासकांकडून लिहवून घेतलात, तर आम्ही अनेक वाचक तो आवडीने वाचू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक